लिनक्स लॅपटॉप बंद असताना बॅटरी का उतरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप रीतसर बंद करून ठेवला, दोन दिवसांनी उघडला, तर बॅटरी अर्ध्यावर. लिनक्स वापरणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. तिच्यावर उपाय म्हणून अमुक सेटिंग बदला, तमुक पॅकेज टाका असे सल्ले भराभर मिळतात. ते सगळे एकदम करून पाहिले की फरक पडला तरी कशाने पडला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर दुखणे परत आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून इथे आधी मोजमाप आहे, मग एकेक संशयित बाजूला काढणे आहे, आणि दुरुस्ती त्यानंतर.

एक सूचना: या पानावर आज्ञा आणि फाइलींचे मार्ग उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत टाइप करायचे आहेत, बहुतेक लहान अक्षरांत. जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.

रात्री 100 टक्के होती, सकाळी 90. हे चालण्यासारखे आहे का?

नाही. टक्क्यांऐवजी वॅटमध्ये विचार केला की हे लगेच कळते. समजा बॅटरी 50 वॅट-तासांची आहे. दहा तासांत 10 टक्के म्हणजे 5 वॅट-तास गेले. 5 भागिले 10, म्हणजे सरासरी 0.5 वॅट. खऱ्या अर्थाने बंद असलेल्या लॅपटॉपला वॅटचा काही शतांश भाग पुरतो. दिवसाला एक टक्का उतरत असेल तर तो हिशेब सुमारे 0.02 वॅटचा होतो आणि त्यासाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

हा आकडा पुढच्या तपासाची दिशाही दाखवतो. अर्धा ते एक वॅट जात असेल, तर मशीन बंद नसून सस्पेंडमध्ये (मेमरीची वीज चालू ठेवून घेतलेल्या झोपेत) असण्याचा संशय घ्या. दोन-चार वॅट किंवा त्याहून जास्त जात असेल, तर ते चालूच आहे किंवा बंद होता होता अडकले आहे. 0.1 ते 0.3 वॅटच्या आसपास असेल, तर एखादा भाग जागा ठेवला गेला आहे: नेटवर्क चिप, यूएसबी पोर्ट, डॉक, असे काही. या सीमा काटेकोर नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते ठरवायला पुरेशा आहेत.

लिथियम-आयन सेल स्वतःहूनही थोडा उतरतो. सामान्य तापमानात महिन्याला एक ते तीन टक्के, आणि त्यात बॅटरीतल्या संरक्षक सर्किटचा किरकोळ खर्च. एका रात्रीत दिसेल इतका तो नसतो.

पण ‘बंद’ म्हणजे बंदच ना? मग वीज जाते कुठे?

आपण मेनूतून शटडाउन करतो तेव्हा मशीन ज्या अवस्थेत जाते तिला एसीपीआय या मानकात ‘एस5’ किंवा सॉफ्ट-ऑफ म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन, डिस्क यांची वीज तुटते. पण पॉवरचे बटण दाबल्याचे कुणालातरी कळायला हवे, म्हणून एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप जागी राहते. घड्याळ चालू राहते. चार्जर जोडला की चार्जिंग सुरू करणारे सर्किट तयार राहते. एवढे सगळे मिळून फारच थोडी वीज घेतात.

अडचण होते ती या यादीत जास्तीचे पाहुणे शिरले की. नेटवर्क कार्ड नेटवर्कवरून येणाऱ्या हाकेसाठी कान देऊन बसते, यूएसबी पोर्ट फोन चार्ज करायला 5 व्होल्ट देत राहतो, थंडरबोल्ट कंट्रोलर अर्धवट जागा राहतो. कुणाला जागे ठेवायचे हे काही अंशी बायोस (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणारे मशीनचे मूळ सॉफ्टवेअर) ठरवते आणि काही अंशी ऑपरेटिंग सिस्टिम बंद होताना ठरवते. त्यामुळे तोच लॅपटॉप विंडोजमधून बंद केला तर टिकतो आणि लिनक्समधून बंद केला तर उतरतो, हे अगदी शक्य आहे.

मी खरेच बंद केला आहे याची खात्री कशी करू?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो म्हणून लोक ओलांडून जातात. बऱ्याच तक्रारींचे मूळ मात्र इथेच सापडते, म्हणून यावर वेळ घालवा.

पहिली शक्यता पॉवरच्या बटणाची. ग्नोम डेस्कटॉपमध्ये हे बटण दाबल्यावर मशीन सस्पेंड होते, बंद होत नाही. मूळ सेटिंगच तसे आहे. स्क्रीन काळी होते, पंखा थांबतो, आणि बंद झाल्याचा समज होतो. नव्या लॅपटॉपांत सस्पेंडही जुन्या ‘एस3’ (खोल झोप) प्रकारचे नसून बहुधा ‘एस2आयडल’ (हलकी झोप) प्रकारचे असते, त्यात वीज अधिक जाऊ शकते. सेटिंगमध्ये पॉवर विभागात बटणाचे काम तपासा. झाकण मिटण्याचेही तेच: बहुतेक वितरणांत (उबंटू, फेडोरा वगैरे) त्याने मशीन झोपते, बंद होत नाही.

दुसरी शक्यता ‘हॉल्ट’ची. ‘सिस्टिमसीटीएल हॉल्ट’ ही आज्ञा सिस्टिम थांबवते, पण वीज तोडत नाही. एखाद्या जुन्या स्क्रिप्टमध्ये किंवा शॉर्टकटमध्ये ती असेल तर ‘सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ’ करा. ‘शटडाउन -एच नाउ’ मात्र सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू आणि बंद करणारा लिनक्समधला व्यवस्थापक) असलेल्या वितरणांवर पॉवरऑफच करते (इथला ‘एच’ लहान, मोठा ‘एच’ दिला तर हॉल्ट होते).

तिसरी आणि सर्वांत त्रासदायक शक्यता म्हणजे बंद होताना अडकणे. एखादी सर्व्हिस थांबायला तयार नसेल तर सिस्टिमडी तिला साधारण 90 सेकंद देते. तेवढ्यात झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत गेला, तर पुढे काय झाले ते कुणीच पाहिलेले नसते. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या टप्प्यात एखादा ड्रायव्हर अडकतो, स्क्रीन काळी असते आणि मशीन तासन् तास चालू राहते. ग्राफिक्स ड्रायव्हर इथे वारंवार सापडतो.

तपासायची रीत अशी. बंद करा आणि झाकण उघडेच ठेवून दोन-तीन मिनिटे थांबा. पॉवरचा दिवा विझला का, पंखा थांबला का पाहा. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो का पाहा. अर्ध्या तासाने खालची बाजू हाताला कोमट लागते का तेही पाहा. शंका राहिली तर बूट ओळीतले (लिनक्स सुरू होताना त्याला दिल्या जाणाऱ्या सूचनांतले) ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द काढून टाका, म्हणजे बंद होताना शेवटची ओळ कोणती दिसते ते डोळ्यांनी वाचता येईल.

पुढच्या वेळी चालू केल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -1 -ई’ चालवून मागच्या सत्राच्या शेवटच्या नोंदी वाचा. मात्र नोंदी लिहिणारी सर्व्हिस स्वतःही अखेरच्या टप्प्याआधी थांबवली जाते. त्यामुळे जर्नल थांबल्याची ओळ दिसणे म्हणजे तिथवर सगळे ठीक होते, इतकेच. त्यानंतर कर्नल (लिनक्सचा गाभा) अडकला असेल तर तो नोंदींत दिसणार नाही.

मोजमाप नेमके कसे करायचे?

टक्केवारीवर विसंबू नका. /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट0/ या फोल्डरात (इथे ‘बॅट’ मोठ्या अक्षरांत) ‘एनर्जी_नाउ’ नावाची फाइल असते. तिच्यातला आकडा मायक्रोवॅट-तासांत असतो, म्हणजे 10,00,000 ने भागला की वॅट-तास मिळतात. काही मशीनवर तिच्याऐवजी ‘चार्ज_नाउ’ असते. तो आकडा मायक्रोअँपिअर-तासांत असतो, त्याला बॅटरीच्या नाममात्र व्होल्टेजने गुणावे लागते. काही लॅपटॉपांत ‘बॅट0’च्या जागी ‘बॅट1’ असते, किंवा दोन्ही असतात. दोन्ही असतील तर दोन्ही मोजा.

चार्जर काढा. आकडा आणि वेळ लिहून घ्या. लगेच बंद करा. किमान आठ तास ठेवा; एका तासाच्या मोजणीत गेजच्या (बॅटरीतला उरलेला चार्ज मोजणाऱ्या सर्किटच्या) चुकाच जास्त दिसतात. चालू करताच पुन्हा आकडा आणि वेळ लिहा. फरकाला तासांनी भागा. चालू आणि बंद होण्यातही वीज जाते: 15 वॅटने एक मिनिट म्हणजे 0.25 वॅट-तास. एवढा भाग फरकातून वजा करायला विसरू नका, नाहीतर छोट्या मोजणीत तोच गळती म्हणून दिसेल.

रोज हाताने लिहायचे नसेल तर सिस्टिमडीचे छोटे वन-शॉट युनिट (एकदाच चालणारे काम) करा. सुरू होताना ते तारीख-वेळ आणि आकडा एका फाइलीत जोडेल, आणि ‘रिमेन-आफ्टर-एक्झिट’ (रोमनमध्ये सलग, तिन्ही शब्दांचे पहिले अक्षर मोठे) चालू ठेवल्यामुळे थांबताना, म्हणजे शटडाउनच्या वेळी, आणखी एक ओळ जोडेल. आठवडाभरात हातात पुरावा असतो. माझ्या मते कोणतीही सेटिंग बदलण्याआधी हे करावे, कारण याच्याशिवाय पुढचा प्रत्येक बदल अंदाजपंचे ठरतो.

दोष लिनक्सचा आहे की मशीनचा, हे कसे ठरवू?

सर्वांत उपयोगी चाचणी ही. लॅपटॉप रीस्टार्ट करा, ग्रबचा (लिनक्स चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) मेनू आला की ‘सी’ दाबा आणि तिथल्या ओळीत ‘हॉल्ट’ लिहून एंटर करा. ग्रबमधल्या ‘हॉल्ट’ने मशीनची वीज जाते, वर सांगितलेल्या सिस्टिमडीच्या हॉल्टशी त्याचा घोळ करू नका. ग्रब नसेल तर बायोसच्या पडद्यावर जाऊन तिथून पॉवरच्या बटणाने बंद करा. दोन्ही प्रकारांत लिनक्सचा कर्नल चढलेलाच नसतो.

आता तितकेच तास ठेवा आणि मोजा. अशा बंद करण्यातही तितकीच वीज गेली तर कर्नल निर्दोष आहे. मग बायोसमधली सेटिंग, फर्मवेअर, जोडलेली उपकरणे किंवा बॅटरी स्वतः, यांच्याकडे वळा. इथे गळती नाही आणि लिनक्समधून बंद केल्यावर आहे, असे दिसले तर कर्नल किंवा एखादा ड्रायव्हर कुठलातरी भाग जागा सोडून जातो आहे.

आणखी एक जोडी करून पाहण्यासारखी आहे: एकदा चार्जर लावलेला असताना बंद करून मग चार्जर काढायचा, आणि एकदा आधी चार्जर काढून मग बंद करायचे. काही मशीनमध्ये चार्जरवर असताना जास्त भाग जागे ठेवण्याचा निर्णय होतो आणि चार्जर काढल्यावरही तो तसाच राहतो. असे आढळले तर कारण सापडेपर्यंत आधी चार्जर काढून बंद करायची सवय पुरेशी आहे.

वेक-ऑन-लॅन म्हणजे काय, आणि त्याचा इथे काय संबंध?

बंद संगणक नेटवर्कवरून जागा करण्याची ही सोय आहे. नेटवर्क चिप ‘मॅजिक पॅकेट’ची वाट पाहत बसते, त्यात आधी सहा वेळा 255 हा बाइट आणि मग त्या कार्डाचा मॅक पत्ता सलग 16 वेळा, असे एकूण 102 बाइट असतात. ते ओळखायचे तर चिपला वीज हवी, आणि लॅपटॉपमध्ये ती बॅटरीतून जाते.

आधी डोळ्यांनी पाहा. लॅपटॉप बंद करा, नेटवर्कची केबल लावा. पोर्टचे दिवे लागले तर चिप जागी आहे.

मग ‘ईथटूल’ला पोर्टचे नाव देऊन सुपरयूजर म्हणून चालवा आणि ‘वेक-ऑन’ची ओळ वाचा. ‘डी’ म्हणजे सोय बंद. ‘जी’ म्हणजे मॅजिक पॅकेटसाठी चालू. ‘पी’, ‘यू’, ‘एम’, ‘बी’ ही अक्षरेही दिसू शकतात, तीही निरनिराळ्या कारणांनी जागे होण्याची परवानगीच देतात. बंद करण्यासाठी ‘ईथटूल -एस’, पोर्टचे नाव, मग ‘डब्ल्यूओएल डी’.

हा बदल पुढच्या बूटपर्यंतच टिकतो, म्हणून आधी मोजून फरक पडतो का पाहा. पडला तर कायमचा करा. टीएलपी (वीज वाचवणारे एक साधन) वापरत असाल तर त्यात वेक-ऑन-लॅन बंद करण्याचा पर्याय मुळातच चालू असतो. नेटवर्क मॅनेजरच्या कनेक्शनमध्येही त्याची नोंद असते. सिस्टिमडीच्या ‘.लिंक’ फाइलीतून करणार असाल तर एक काळजी घ्या: पोर्टशी जुळणारी पहिलीच फाइल लागू होते, त्यामुळे मूळ फाइलीतले नाव ठरवण्याचे नियम नव्या फाइलीतही उतरवून घ्या. नाहीतर पोर्टचे नावच बदलेल.

आणि बायोसमध्येही वेक-ऑन-लॅन बंद करा. दोन ठिकाणी सेटिंग असलेली ही गोष्ट एकाच ठिकाणी बंद करून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणारे पुष्कळ असतात.

बायोसमध्ये नेमके काय पाहायचे?

नावे प्रत्येक कंपनीची वेगळी, पण शोधायच्या गोष्टी त्याच. लॅपटॉप बंद असताना यूएसबीतून चार्जिंग देण्याची सोय. ‘ऑलवेज ऑन यूएसबी’, ‘पॉवरशेअर’ अशी तिची नावे असतात. फक्त चार्जर लावलेला असताना द्यायची की बॅटरीवरही, असा उपपर्याय असेल तर निदान बॅटरीवरची बंद करा. झाकण उघडताच चालू होण्याची सोय. ठरावीक वेळी आपोआप चालू होण्याची सोय. डॉकवरून जागे होण्याची सोय.

काही मशीनमध्ये ‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप कंट्रोल’ नावाचा पर्याय असतो. ईआरपी हे नाव युरोपीय संघाच्या ऊर्जानियमांवरून आले; त्या नियमांनी 2013 पासून बंद उपकरणाच्या वीजवापरावर 0.5 वॅटची मर्यादा घातली. हा पर्याय चालू केला की एस5 मध्ये जास्तीत जास्त भागांची वीज तोडली जाते. वेक-ऑन-लॅन आणि बंद असतानाचे यूएसबी चार्जिंग त्यामुळे सहसा मिळत नाही. त्या सोयी तुम्ही वापरत नसाल तर हा एकच पर्याय अनेक किरकोळ बदलांचे काम करतो.

इंटेल एएमटी असलेल्या कार्यालयीन लॅपटॉपात दूरस्थ व्यवस्थापनाचीही एक पॉवर पॉलिसी असते. मशीन तुमचे स्वतःचे असेल आणि ही सोय कुणी वापरत नसेल, तर ती पूर्ण बंद ठेवा.

टाइप-सी हब, माउसचा डोंगल, डॉक: हे लावलेले राहिले तर फरक पडतो?

पडतो, आणि तपासायला सर्वांत सोपा हाच संशयित आहे. सगळे काढून एक रात्र मोजा. टाइप-सी हबमध्ये स्वतःची चिप असते. एचडीएमआय आणि नेटवर्क पोर्ट असलेला हब लॅपटॉपकडून वीज मिळत राहिली तर ती घेतच राहतो. बंद केल्यावर हबला हात लावून पाहा; उबदार असेल तर उत्तर मिळाले.

बंद केलेला लॅपटॉप बॅगेत गरम झालेला सापडतो. तो आपोआप चालू होतो का?

होऊ शकतो. आधी ‘लास्ट -एक्स’ आणि ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ चालवा. तुम्ही चालू न केलेल्या वेळचे बूट त्यात दिसले तर तो खरोखर जागा झाला आहे. न दिसले तर बहुधा तो बंदच झाला नव्हता. वरचा अडकण्याचा भाग पुन्हा वाचा.

आपोआप चालू होण्याची नेहमीची कारणे तीन. झाकणाचा सेन्सर: बॅगेत झाकण किंचित सरकले तरी ‘उघडले’ अशी नोंद होते आणि मशीन चालू होते. घड्याळाचा गजर: ‘आरटीसीवेक -एम शो’ ने लावलेला गजर दिसतो, ‘आरटीसीवेक -एम डिसेबल’ ने रद्द होतो. टीव्ही रेकॉर्डिंग किंवा बॅकअपची काही सॉफ्टवेअरे असा गजर लावून ठेवतात. तिसरे यूएसबी कंट्रोलर. इंटेलच्या हॅसवेल पिढीतल्या काही मशीन बंद करताच पुन्हा चालू होत. शटडाउनच्या वेळी यूएसबी 3 कंट्रोलर खोल झोपेत घालण्याची खास तरतूद कर्नलमध्ये त्यासाठी करावी लागली.

बॅगेत चालू राहिलेला लॅपटॉप ही फक्त बॅटरीची बाब नाही. हवा न मिळाल्याने आतले तापमान चढते आणि सेलचे आयुष्य घटते. कारण सापडेपर्यंत दिवा विझलेला पाहिल्याशिवाय तो बॅगेत घालू नका.

/प्रॉक/एसीपीआय/वेकअप या फाइलीत बरीच ‘एनेबल्ड’ दिसतात. सगळी बंद करू का?

नको. दुसऱ्या स्तंभाकडे पाहा. तिथे एस3, एस4 किंवा एस5 लिहिलेले असते. ते उपकरण जास्तीत जास्त किती खोल अवस्थेतून मशीनला जागे करू शकते, हे तो आकडा सांगतो. एस3 किंवा एस4 लिहिलेले उपकरण मशीन बंद असताना जागे करण्यासाठी सज्ज केले जात नाही. त्याचा संबंध सस्पेंड आणि हायबरनेटशी (मेमरीतले सगळे डिस्कवर लिहून बंद होण्याशी). बंद अवस्थेतल्या गळतीसाठी एस5 लिहिलेल्या ओळी पाहा, त्या सहसा मोजक्याच असतात.

उपकरणाचे नाव या फाइलीत सुपरयूजर म्हणून लिहिले की स्थिती उलटते: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. त्यामुळे तीच आज्ञा दोनदा चालली तर तुम्ही होतात तिथेच परत येता. हा बदलही रीबूटनंतर पुसला जातो. कायमचा करण्यासाठी उपकरणाच्या ‘पॉवर/वेकअप’ फाइलीत ‘डिसेबल्ड’ लिहिणारा यूडेव्ह नियम (उपकरण सापडताच आपोआप लागू होणारा) जास्त भरवशाचा, कारण तिथे उलटापालट होत नाही.

विंडोजही त्याच मशीनवर आहे. त्याचा काही संबंध?

विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. त्यात शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर हायबरनेट होतो, म्हणजे ते पूर्ण शटडाउन नसते. विंडोजमधून बंद केल्यावरच गळती दिसत असेल तर ते बंद करून मोजा. दोन सिस्टिम ठेवणाऱ्याने ते तसेही बंद ठेवावे. हायबरनेट झालेल्या विंडोजचे विभाजन लिनक्समधून लिहिण्यासाठी उघडले तर त्यातला डेटा बिघडू शकतो, आणि बॅटरीपेक्षा ते नुकसान मोठे.

टीएलपी किंवा पॉवरटॉप टाकले तर थांबेल का?

ही साधने मुख्यतः मशीन चालू असतानाची वीज वाचवतात. बंद अवस्थेपुरता टीएलपीचा फायदा वेक-ऑन-लॅन बंद होण्याचा. पॉवरटॉपने दाखवलेले आकडे मशीन जागे असतानाचे असतात, बंद असताना ते चालतच नाही.

हायबरनेट केले तर बॅटरी टिकते, शटडाउन केले तर उतरते. हे उलटेच कसे?

उलटे वाटते, पण तपासासाठी हा फार चांगला धागा आहे. साध्या शटडाउनमध्ये कर्नल प्रत्येक ड्रायव्हरचे ‘शटडाउन’ नावाचे काम बोलावतो. हायबरनेटच्या शेवटी मात्र ‘पॉवरऑफ’ नावाचे वेगळे काम बोलावले जाते, आणि त्यात उपकरण कमी विजेच्या अवस्थेत नेण्याची काळजी बहुधा अधिक नीट घेतलेली असते. कित्येक ड्रायव्हरांमध्ये शटडाउनचे काम लिहिलेलेच नसते किंवा अगदी जुजबी असते.

म्हणून हायबरनेटमध्ये टिकते आणि शटडाउनमध्ये नाही, असे मोजमापात आले, तर जवळजवळ नक्कीच एखादे पीसीआय उपकरण जागे सोडले जात आहे. बंद करण्याआधी संशयित ड्रायव्हर एकेक करून ‘मॉडप्रोब -आर’ने उतरवा: एकदा वायफायचा, एकदा थंडरबोल्टचा, एकदा कार्ड रीडरचा, आणि दर वेळी एक रात्र मोजा. वेळखाऊ काम आहे. पण दोषी नक्की कोण हे सांगणारा याहून सरळ रस्ता नाही, आणि एकदा ते नाव हाती लागले की ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे निम्मे काम तुम्ही केलेले असते.

हायबरनेट चालण्यासाठी पुरेसे स्वॅप (डिस्कवर मेमरीसाठी राखलेली जागा) लागते, आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेले सॉफ्टवेअर चढू देणारी बायोसमधली सोय) चालू असलेल्या बऱ्याच वितरणांवर कर्नल ते करू देत नाही.

बंद करताना 40 टक्के होती, चालू केल्यावर 31. दुसऱ्या दिवशी मात्र काहीच उतरली नाही.

गळती रोज सारखी नसेल तर बॅटरीच्या गेजवर संशय घ्या. उरलेला चार्ज हा अंदाज असतो. जुन्या सेलमध्ये तो भरकटतो आणि काही तास विश्रांती मिळाल्यावर गेज व्होल्टेज पाहून आकडा सुधारते. वीज गेलेली नसते, आधीचा आकडा फुगलेला असतो. ‘एनर्जी_फुल’ आणि ‘एनर्जी_फुल_डिझाइन’ या फाइलींतले आकडे ताडून पाहा. पहिला दुसऱ्याच्या 70 टक्क्यांच्या खाली गेला असेल तर अशा उड्या अपेक्षितच आहेत. एकदा पूर्ण भरून, सलग वापरून जवळजवळ रिकामी करून, पुन्हा पूर्ण भरली तर गेज बरेचदा ताळ्यावर येते.

चार्जिंगची मर्यादा घातली असेल तर आणखी एक गैरसमज होतो. 75 ला सुरू आणि 80 ला थांब अशी मर्यादा असताना बॅटरी 80 वरून 77 वर आली, तर चार्जर लावूनही ती भरणार नाही. ते सेटिंगचे काम आहे, बिघाड नाही.

एम्बेडेड कंट्रोलर रीसेट करा असे कुणी सांगतात. त्याने काय होते?

ही चिप स्वतःचा छोटा प्रोग्रॅम चालवते आणि लॅपटॉप बंद असतानाही ती बंद होत नाही. त्यामुळे ती एखाद्या चुकीच्या अवस्थेत अडकली तर आठवडेच्या आठवडे तशीच राहू शकते. चार्जर आणि सगळी उपकरणे काढा, लॅपटॉप बंद करा, पॉवरचे बटण 30 सेकंद दाबून धरा. बॅटरी काढता येणारी असेल तर आधी ती काढा. काही थिंकपॅडच्या तळाशी पिन घालून दाबायचे रीसेटचे छोटे छिद्र असते. गळती कालपर्यंत नव्हती आणि आज अचानक सुरू झाली, काही अपडेटही झालेले नाही, अशा वेळी हे सर्वांत आधी करा. फुकट आहे आणि नुकसान काही नाही.

बॅटरीच खराब असेल तर?

तिला मशीनपासून तोडून मोजा. काढता येत असेल तर काढून दोन दिवस ठेवा. आत बसवलेली असेल तर काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये अंगभूत बॅटरी तात्पुरती तोडण्याचा पर्याय असतो. थिंकपॅडमध्ये तो पॉवरच्या विभागात सापडतो. तो निवडला की मशीन लगेच बंद होते आणि चार्जर लावल्यावरच पुन्हा चालू होते. तुटलेल्या अवस्थेतही चार्ज तितकाच उतरला तर सेल गेले आहेत, लिनक्समध्ये शोधण्यासारखे काही नाही.

तळ फुगलेला दिसला, टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट मिटेना, तर मोजमाप राहू द्या. वापर आणि चार्जिंग थांबवा आणि बॅटरी जाणत्या माणसाकडून काढून घ्या.

कर्नल अपडेट केल्यापासून सुरू झाले. आता?

ग्रबच्या मेनूत आधीचा कर्नल सहसा ठेवलेला असतो. त्यातून चढा, त्यातून बंद करा, मोजा. जुन्यात गळती नसेल तर ती नव्यात शिरली आहे, आणि हे सिद्ध करणारे दोन आकडे तुमच्याकडे आहेत. उलट बाजूने नवा कर्नल तपासायचा असेल तर ताज्या वितरणाची लाइव्ह यूएसबी पुरते. तिच्यातून चढून बंद करायचे, प्रतिष्ठापनेची गरज नाही.

फर्मवेअरसाठी ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स’ चालवा. बायोस आणि एम्बेडेड कंट्रोलरच्या नव्या आवृत्त्यांसोबतची टिपणे वाचा. बंद अवस्थेतल्या वीजवापराची दुरुस्ती त्यात एका ओळीत दडलेली असू शकते.

कारण सापडेपर्यंत काय करू? काही आठवडे लॅपटॉप लागणार नसेल तर?

रोजच्या वापरात हायबरनेट टिकत असेल तर तेच करा. महिनाभर ठेवायचा असेल तर बॅटरी 50 ते 60 टक्क्यांवर आणा आणि बायोसमधून ती तोडता येत असेल तर तोडून ठेवा. पर्याय नसेल तर तुमचा मोजलेला दर घ्या आणि हिशेब करा: 50 वॅट-तासांची बॅटरी 60 टक्क्यांवर म्हणजे 30 वॅट-तास, 0.1 वॅटने ते 300 तासांत, म्हणजे साडेबारा दिवसांत संपतात. त्याआधी एकदा चार्ज करावीच लागेल. शून्यावर गेलेला सेल तसाच आठवडे पडून राहिला तर संरक्षक सर्किट त्याला कायमचे बंद करू शकते, आणि मग चार्जर लावूनही तो उठत नाही.

बग नोंदवायचा आहे. काय काय लिहू?

मशीनचे पूर्ण मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि तारीख (‘डीएमआयडीकोड’ने मिळते), ‘यूनेम -आर’चा निकाल, वितरणाचे नाव. मग मोजमापे, प्रत्येक ओळीत बंद कसे केले, किती तास ठेवले, आधीचा आणि नंतरचा आकडा, आलेले वॅट: लिनक्समधून, ग्रबमधून, हायबरनेट, जुना कर्नल, ड्रायव्हर उतरवून. काय जोडलेले होते आणि चार्जर कधी काढला तेही लिहा. ‘एलएसपीसीआय -एनएन’चा निकाल आणि मागच्या सत्राची जर्नल जोडा, जर्नलमध्ये वायफायची नावे आणि मॅक पत्ते असतात, ते आधी झाका. आधी तुमच्या वितरणाकडे नोंदवा. वितरणाने न बदललेल्या मूळ कर्नलवरही गळती तशीच दिसली तर कर्नलच्या बगझिलात किंवा त्या ड्रायव्हरच्या मेलिंग लिस्टवर नोंदवा.